लताबाईंचा आवाज जाड येतोय? आधी पुली तपासा! (महारानी रोडचं बिनपाटीचं दुकान)

रिव्ह्यू वगैरे लिहायची मला सवय नाही, पण गेल्या महिन्याभरात तीन जणांनी फोन करून विचारलं की तुमचा रेकॉर्ड प्लेअर शेवटी कुणी दुरुस्त केला, नंबर दे ना, म्हणून म्हटलं सगळं एकदाच इथे लिहून टाकावं. नंबर देऊन काही फायदा नाही, दुरुस्त करणारे चाचा फोन उचलतच नाहीत. तिथे जावंच लागतं.

तर पत्ता असा. इंदुरात सियागंजच्या बाजूने महारानी रोडला शिरलात की पंख्याच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्यांची दुकानं लागतात, त्यातल्याच एका गल्लीत जिन्याखाली हे दुकान आहे. पाटी नाही. बाहेर स्टुलावर एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडा पडलेला असतो, तोच ओळखीचा. कुणालाही "तवेवाले चाचा" विचारा (तवे म्हणजे जुन्या रेकॉर्ड), हात करून दाखवतील. मी जाताना गाडी लांब लावून चालत गेले, तुम्हीही तेच करा, त्या गल्लीत ॲक्टिवासुद्धा वळवता येत नाही.

आता काम काय होतं ते सांगते, कारण मला वाटतं आपल्याकडे ज्यांच्या घरी अमेरिकेतून प्लेअर आलाय त्यांच्यापैकी खूप जणांचं हेच होत असणार आणि त्यांना पत्ताही नसणार.

आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, १४० रेकॉर्ड गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात उभ्या लावून ठेवलेल्या होत्या. त्यांचा जुना चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलणारा प्लेअर) कधीच भंगारात गेला, आबाही गेले, पण तबकड्या आईंनी (सासूबाईंनी) कुणाला हात लावू दिल्या नाहीत. दर दिवाळीला बाहेर काढायच्या, सुती फडक्याने पुसायच्या, परत ठेवायच्या. वाजवायला काही नाही तरी. गेल्या दिवाळीत धाकटे भाऊजी न्यू जर्सीहून आले ते बॅगेत चार स्वेटरांमध्ये गुंडाळून एक बेल्टवाला जुना टर्नटेबल घेऊन आले, सत्तरच्या दशकातला, जपानी, लाकडी बॉडीचा, दिसायला इतका सुंदर की बस. तिकडची मशीन ११०-१२० व्होल्टवर चालते म्हणून इथे आम्ही एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर विकत घेतला, लावला, लाल दिवा लागला, तबकडी फिरायला लागली. झालं, आम्हाला वाटलं काम फत्ते.

पहिली रेकॉर्ड कुठली लावायची यावर वाद झालाच नाही. आईंनी स्वतः काढून दिली, अमीर खांसाहेबांची, एका बाजूला मारवा आणि एका बाजूला दरबारी, १९६०ची एचएमव्हीची. संध्याकाळची वेळ होती, तुळशीपाशी दिवा लावून झाला होता आणि मारवा म्हणजे अगदी त्याच वेळचा राग, सगळे खाली सतरंजीवर बसलो. तो आवाज आला ना खालून, अगदी जमिनीतून आल्यासारखा, मला तर रडूच आलं. आई डोळे मिटून बसल्या होत्या. बाजू संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं आबांची आठवण झाली असेल.

असं चार महिने चाललं, दिवाळीपासून होळीच्या जरा आधीपर्यंत. खांसाहेबांच्या दोन्ही बाजू आम्ही कितीदा ऐकल्या असतील! एकदा मी कुमारजींची (कुमार गंधर्वांची) रेकॉर्ड लावली तर आई दोन मिनिटांत म्हणाल्या, "आज नको गं, काढ." मला जरा नवल वाटलं कारण कुमारजी म्हणजे आमच्या घरातलं दैवत, पण म्हातारं माणूस, मूड नसेल, म्हणून सोडून दिलं.

मग एका रविवारी मी लताबाईंची मीरेची भजनं लावली, हृदयनाथांनी चाली दिलेली. पहिली ओळ संपायच्या आत माझी मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "आई, हे स्लोड-रिव्हर्ब व्हर्जन आहे का?"

ज्यांच्या घरी कॉलेजातली मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हल्ली ही मुलं गाणी हळू करून ऐकतात. म्हणजे मूळ गाण्याची स्पीड कमी केलेली, आवाज त्यामुळे खाली आलेला, वर भरपूर घुमारा टाकलेला. रात्री अभ्यास करताना, झोपताना तेच लावतात, तिच्या सगळ्या मैत्रिणी ऐकतात आणि खरं सांगायचं तर काही गाण्यांना ते शोभतंही. तर तिचा कान त्या हळू केलेल्या आवाजाला इतका सरावलेला की तिने एका ओळीत ओळखलं. आणि ती बोलल्यावर मलाही एकदम ऐकू आलं! लताबाई कुठे असा आवाज लावायच्या? जाड, खाली बसलेला, जड. बाई आपल्या इंदूरच्या, सिख मोहल्ल्यात जन्मल्या १९२९ साली, त्यांचा आवाज मी लहानपणापासून ऐकतेय, तो असा नाहीच.

आई तिथेच बसल्या होत्या, हातात गव्हाचं ताट होतं निवडायला. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला दिवाळीपासून वाटतंय. खांसाहेब इतके खाली नव्हते गात. मला वाटलं माझेच कान गेले."

हे ऐकून मला कसं झालं ते मी लिहू शकत नाही. आई गाण्यातल्या विशारद आहेत, मुलींच्या शाळेत २६ वर्षं संगीत शिकवलंय, लग्नाआधी ६८-६९ साली त्यांनी खांसाहेबांना इथे समोर बसून ऐकलंय. आणि दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की वयामुळे वरचे सूर आता कमी ऐकू येणार. त्यामुळे त्यांनी धरूनच चाललं होतं की दोष आपल्यात आहे. चार महिने त्या गप्प बसून चुकीच्या सुरातले खांसाहेब ऐकत होत्या, आमचा आनंद मोडू नये म्हणून.

दुसऱ्याच दिवशी मी प्लेअर एका मोठ्या शोरूममध्ये घेऊन गेले. नाव लिहीत नाही. एसी, काचेचं दार, लाखालाखाचे स्पीकर. तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला सुई झिजलीय मॅडम, आवाज जाड त्यामुळेच येतोय. ३,८०० रुपये घेतले. मी विचारलं की स्पीड वगैरे बघाल का, तर म्हणाला ३३ वर आहे ना बटण, मग ३३ वरच फिरतंय. घरी आणून लावलं, लताबाई तशाच जाड. वर आणखी एक घूंऽऽ असा आवाज सुरू झाला जो आधी नव्हता. परत गेले तर म्हणे रेकॉर्डच जुन्या आहेत. आबांच्या रेकॉर्डना नावं ठेवलेली मला सहन झाली नाहीत, मशीन उचलली आणि निघाले. पार्किंगमधल्या वॉचमनने सांगितलं, "मॅडम, महारानी रोड पे चाचा के पास जाओ."

चाचांचं वय ७० च्या पुढे असेल. मी सकाळी साडेदहाला पोचले तर दुकान बंद, साडेअकराला उघडतं हे मग कळलं, तोवर कोपऱ्यावर पोहे खाल्ले, जिरावन जरा जास्तच घातलं होतं त्याने. चाचा आले, कुलूप उघडलं, मला बसायला एक मोडा दिला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "क्या सुनते हो आप लोग?" मशीनकडे बघितलंसुद्धा नाही आधी. मी सांगितलं अमीर खांसाहेब, कुमारजी, लताबाई. मग विचारलं, किसने पकड़ा? म्हणजे गडबड आहे हे कुणाच्या कानाने पकडलं. मी सगळं सांगितलं, मुलीचं, आईंचं. त्यांनी मान हलवली आणि मशीन उलटी करून खालची पट्टी वाचली. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. बस, त्यांना कळलं. मला मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि ते मी इथे लिहितेय कारण हे ३,८०० रुपये घेणाऱ्याने सांगायला हवं होतं.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. अमेरिकेतली १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची. हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्ट कमी होतात पण हर्ट्झ तेच राहतात, ५०. आणि या जुन्या बेल्टच्या मशिनींमध्ये जी मोटर असते ती व्होल्ट बघून फिरत नाही, हर्ट्झ बघून फिरते. म्हणजे ६० च्या हिशोबाने बनवलेली मोटर इथे सहापैकी पाच भागच फिरते. ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या जागी मिनिटाला २८ सुद्धा होत नाहीत. सूर किती उतरतो? हार्मोनियमवर काळ्यापांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, थोडं जास्तच! आणि लयही तेवढीच मंदावते, २० मिनिटांची बाजू २४ मिनिटं चालते.

आता मला कळलं की खांसाहेबांच्या बाबतीत आम्ही का फसलो. त्यांची गायकीच मुळात मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकाची, अति विलंबित झूमरा, १४ मात्रांचा ठेका इतका सावकाश की एकेका मात्रेत माणूस स्थिर होतो, आवाज खर्जातला, भारदस्त. ते आणखी हळू आणि आणखी खाली झालं तरी नवख्या कानाला वाटतं, वा, काय गंभीर! लताबाईंना आणि कुमारजींना मात्र ते झेपत नाही, त्यांचं सगळं तेज वरच्या सुरांत. म्हणून आईंनी कुमारजींची रेकॉर्ड काढायला लावली होती. त्यांना ते ऐकवत नव्हतं.

चाचांनी मला एक सोपी परीक्षा शिकवली ती तुम्ही आत्ता घरी करून बघा. रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवायचा (जुन्या चांगल्या रेकॉर्डवर नको, एखादी फालतू घ्या), मोबाईलवर तीन मिनिटं लावायची आणि फेऱ्या मोजायच्या. बरोबर १०० झाल्या पाहिजेत. आमच्या ८३ झाल्या. मीच मोजल्या, चाचा शेजारी रेडिओचं काम करत होते आणि माझ्यावर लक्ष ठेवून होते की मध्येच चुकत तर नाही. हल्ली मोबाईलचं ॲपही मिळतं फेऱ्या मोजायचं पण मला हे टेपचं जास्त आवडलं.

उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली, म्हणजे बेल्ट ओढणारं छोटं चाक, बदलायची. पुली जितकी जाड तितका बेल्ट जास्त ओढला जातो, म्हणजे जुनी १० मिलिमीटरची असेल तर नवी १२ ची हवी. अशी तयार पुली इथे मिळत नाही, चाचांनी पोलो ग्राउंडच्या एका लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली. बोलले होते "परसों ले जाना", लागले ११ दिवस, हे आधीच सांगून ठेवते. चाचांचा परवा म्हणजे दहा-बारा दिवस धरून चाला.

पण त्या ११ दिवसांचं शेवटी काय झालं ते बघायला मी तिथे हजर होते म्हणून उशिराबद्दल फार बोलायचा मला हक्क नाही उरला. नवी पुली बसवल्यावर त्यांनी एक गोल कागदी चकती तबकडीवर ठेवली, कडेला बारीक काळ्या रेषा छापलेल्या, १८० रेषा. दुकानातला एलईडी बंद केला आणि चोकवाली जुनी ट्यूबलाईट लावली. ती ट्यूब आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आपल्याला दिसत नाही पण लुकलुकते, आणि स्पीड अचूक असेल तर त्या उजेडात फिरत्या चकतीवरच्या रेषा जागेवर उभ्या राहिलेल्या दिसतात. एलईडीत ते नीट होत नाही म्हणून ही एक ट्यूब त्यांनी जपून ठेवलीय. तर रेषा हळूहळू पुढे सरकत होत्या, म्हणजे स्पीड केसभर जास्त. चाचांनी पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा घेतला, मोटर चालू ठेवून पुलीला अलगद टेकवला, मनात पाच मोजले, पुसलं, बेल्ट चढवला, परत बघितलं. रेषा अजून सरकतायत, पण आधीपेक्षा सावकाश. परत पाच मोजले. असं सात वेळा केलं त्यांनी, घाई नाही, वैताग नाही. आठव्या वेळी रेषा थांबल्या. अगदी उभ्या. तबकडी गरगर फिरतेय आणि रेषा जागच्या हलत नाहीयेत, मी तर बघतच राहिले.

मग त्यांनी सुईचा भार तोलला. सराफ्यातल्या सोनारांकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा त्यांच्याकडे आहे, त्यावर सुई टेकवली तर साडेतीन ग्रॅम! आमच्या कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते त्या डबीला) पावणेदोन ग्रॅम पुरतो म्हणाले. म्हणजे शोरूमवाल्याने दुप्पट वजन देऊन ठेवलं होतं आणि तितका जास्त भार आबांच्या रेकॉर्डच्या खाचांवर पडत होता. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. ते घूंऽऽ पण त्याचंच काम, अर्थिंगची वायर लावलीच नव्हती, नुसती लोंबत होती.

एवढं झाल्यावरही मशीन दिली नाही. मला रेकॉर्ड घेऊन यायला सांगितलं होतं, ती मारव्याची, तिची पूर्ण बाजू लावली आणि पूर्ण ऐकली, मध्ये दोन गिऱ्हाइकं आली त्यांना हातानेच थांबवलं. बाजू संपल्यावर म्हणाले, "अब माताजी को सुनाओ. वो हाँ बोलें तब पैसे देना." मी तरी पैसे तिथेच दिले. पुलीचे ७००, बेल्टचे ४५०, मजुरी ५००, एकूण १,६५०. बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात.

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन घरी आली, राजवाड्याकडच्या रस्त्यांवर रंग तसाच होता. संध्याकाळी मारवा लावला. मारव्यात पंचम नसतो, रिषभ कोमल, आणि षड्जाला, म्हणजे सा ला, खांसाहेब असे काही लांब ठेवतात की ऐकणारा त्याची वाट बघत बसतो, रिषभ-धैवतावर रेंगाळतात, निषादापर्यंत जातात, वाटतं आता येईल, परत मागे फिरतात. मग जेव्हा तो सा येतो ना! आईंचा उजवा हात मांडीवर ठेका धरून होता, सम आली आणि सा लागला तशी त्यांनी मांडीवर थाप दिली आणि म्हणाल्या, "हेच. हेच ते." बस एवढंच. मग दुसरी बाजू लाव म्हणाल्या आणि दरबारीही पूर्ण ऐकला. स्वतः होऊन त्या आबांबद्दल बोलायला लागल्या, की ही रेकॉर्ड आली तेव्हा आबा किती खूश होते, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तव्यावर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यात खांसाहेबांची सावकाश फुलत जाणारी बढत मावणार कशी, एलपी आली म्हणून तर ती घरोघरी पोचली.

तेव्हापासून आमच्या घरी जे चाललंय ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही, कारण दुकानाचं खरं काम तेच आहे ना.

संध्याकाळ खांसाहेबांची. खांसाहेब इंदुरात वाढले, वडील शाहमीर खां सारंगिये, त्यांच्याकडे मेरुखंडाचा रियाज, चार सुरांचे किती वेगवेगळे क्रम लागतात ते सगळे घोटायचे. आई हे मुलीला हार्मोनियमवर करून दाखवतात, सा रे ग म, सा रे म ग, सा ग रे म, असे २४ होतात, मुलगी वहीत लिहून घेते. तिला गणितासारखं वाटतं आणि त्यामुळे आवडतंय. योग्य स्पीडला आल्यावर सगळ्यात जास्त फरक तानांमध्ये पडला, आधी त्या लोण्यासारख्या ओघळायच्या, आता एकेक दाणा वेगळा ऐकू येतो.

रविवारी सकाळ कुमारजींची. कुमारजी बेळगावकडचे, पण क्षयाने आजारी पडून १९४८ च्या सुमारास देवासला आले ते इथलेच झाले. कित्येक वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी, अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडायची, माताजीच्या टेकडीकडे जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं. बरे झाल्यावर जे गायले ते तसं आधी कुणी गायलं नव्हतं. छोट्या छोट्या फेकी, मध्येच तारसप्तकात झेप, आणि ती झेप थेट काळजात. आई म्हणतात की ज्याला श्वास मोजून मिळतो तो एकही श्वास वाया घालवत नाही. मागच्या रविवारी माझी मावसबहीण देवासहून आली होती, ती तर ३५-४० किलोमीटरवरून फक्त ऐकायला आली, आणि जाताना तिच्या घरचा बंद पडलेला प्लेअरही ठेवून गेली, चाचांकडे पोचव म्हणून.

नवऱ्याचं वेगळं, त्याला रात्री जेवणानंतर गझल लागते, जगजीत-चित्रांची १९७६ची पहिली एलपी आबांनी घेतलेली, ती आता जवळजवळ रोज वाजते, माझ्या मते जरा जास्तच वाजते. रामनवमीला गीतरामायण लावलं, १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर चाललेलं, गदिमांची ५६ गाणी बाबूजींच्या चालींत, शेजारच्या दोन काकू आल्या होत्या ऐकायला. बाबूजींचे शब्द कसे येतात हो! जोडाक्षर न जोडाक्षर स्वच्छ, आणि ते स्वच्छपण चुकीच्या स्पीडला पार बुजलं असतं.

मुलगी अजूनही रात्री तिची हळू केलेली गाणी ऐकते. ऐकू दे, मला काही हरकत नाही. पण परवा तिनेच मैत्रिणींना बोलावलं होतं, पाच जणी, आणि लताबाईंचं मीराभजन लावून त्यांना शांत बसवलं, आणि एकीने विचारलं की हे असं एवढं क्लिअर कसं, तर माझी पोरगी म्हणाली, "पुली." मग तिने तीन मिनिटं लावून सगळ्यांना फेऱ्या मोजायला लावल्या. १००.

आता तक्रारी पण लिहिते म्हणजे कुणी जाऊन चिडायला नको. फोन लागत नाही, लागला तरी उचलत नाहीत. दिलेली तारीख पाळत नाहीत. घरी येत नाहीत, मशीन तुम्हालाच न्यावी लागते, नेताना टोनआर्म (सुईचा दांडा) रबरबँडने बांधा आणि ज्यावर रेकॉर्ड ठेवतो ती फिरती तबकडी काढून वेगळी न्या. शुक्रवारी दुपारी बंद. बसायला जागा एकाच माणसापुरती. नवीन ब्लूटूथवाले सूटकेससारखे प्लेअर येतात ते हातात घेतच नाहीत, मी दोघांना परत पाठवलेलं बघितलं, त्यांनी जरा नीट समजावून सांगायला हवं होतं असं मला वाटलं. डीसी मोटरच्या किंवा डायरेक्ट ड्राइव्हच्या (बेल्टशिवाय मोटर थेट तबकडी फिरवते त्या) मशिनीला हा हर्ट्झचा त्रास सहसा होत नाही, म्हणून आधी घरी टेप लावून मोजा, १०० येत असतील तर पुलीसाठी धावपळ करू नका. हे सगळं धरून माझे पाचापैकी साडेचार, अर्धा त्या परसोंचा कापला.

आणखी एक. मी पैसे देताना सहज बोलून गेले होते की आईंनी खांसाहेबांना समोर ऐकलंय. चाचा तेव्हापासून मागे लागले होते, माताजी को लाओ. मागच्या शनिवारी घेऊन गेले. जिन्याखालचं ते अंधारं दुकान, मला काळजी की आईंना बसवणार कुठे, तर चाचांनी शेजारच्या वाइंडिंगवाल्याकडून हातांची खुर्ची मागवून ठेवली होती आणि चहा.

त्यांच्याकडे फैयाज खांसाहेबांचा एक तवा आहे, बडोद्याच्या दरबारचे ते, ७८ चा. चाचा म्हणाले की या तव्यांवर ७८ लिहिलेलं असतं पण त्या काळात सगळे काही नेमके ७८ वर भरलेले नसायचे, कुणी थोडा कमी, कुणी थोडा जास्त, त्यामुळे रेषांची चकती इथे कामाची नाही, इथे कान पाहिजे. त्यांच्या मशिनीला स्पीड कमी-जास्त करायचं बारीक बटण आहे. तवा लावला. खरखर, मग तो बुलंद आवाज. चाचांनी बटणावर बोट ठेवून आईंकडे बघितलं.

"माताजी, सुर?"

आईंनी मान जराशी कलती केली, डोळे मिटले. "ज़रा चढ़ा है."

चाचांनी बटण केसभर फिरवलं.

"और थोड़ा."

परत केसभर.

"बस. अब खांसाहेब आए."

येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहोत, साडेअकराला, चाचांनी आणखी ११ तवे काढून ठेवलेत आईंसाठी. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर फैयाज खांसाहेबांचे किंवा रजब अली खांसाहेबांचे तवे पडले असतील तर पुठ्ठ्यात घालून, उभे धरून, घेऊन या.